बेबीताईच्या ओट्यापर्यंत

हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग.

मित्रांनो, ऐकू येतंय का? नसेलच येत. मी एक जुना भोंगा आहे आणि माझी तार कापलेली आहे. वरवट बकालजवळच्या एका गावात, बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत, सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर मी आडवा पडलो आहे. भोंग्याला कान नसतात असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या पोटातून इतकी वर्षं आवाज गेला त्याला थोडंफार ऐकू येऊ लागतं. एवढं मान्य करा, म्हणजे मला पुढचं सांगता येईल.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमचा पत्रा साच्यावर फिरवून मला आकार दिला, करडा रंग दिला. जगात आलो तेव्हाच तोंड उघडं होतं. ते मिटायची सोय कुणी केली नाही. पहिली काही वर्षं मी मंडप-डेकोरेशनवाल्या शालिग्रामकडे काढली. लग्नं, वराती, प्रचाराच्या जीपगाड्या. सकाळी एका पक्षाचा, संध्याकाळी दुसऱ्याचा. मग विहाराच्या मंडळींनी मला त्याच्याकडून घेतलं आणि छतावर लोखंडी पाइपाला बांधलं. तोंड वस्तीकडे. गल्लीच्या पलीकडे, अगदी माझ्यासमोर, बेबीताईच्या घराचा ओटा होता.

तिथून माझ्या तोंडून जे गेलं त्यातलं काही, जसं आठवतं तसं:

"रेशन आलं आहे. पिशव्या घेऊन या. एकदम गर्दी करू नका."

"काळी बकरी, कपाळावर पांढरा ठिपका. कोनाच्या घरी असन तं सोडून द्या. कापली असन तं निदान सांगा तरी."

"जयंतीच्या मिरवणुकीत कोनी दारू पिऊन येऊ नये. संघर्षभाऊ, तुमालेच सांगून राह्यलो."

आणि वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. शेतातून आलेली माणसं हातपाय धुऊन येतात, बाया पांढरी लुगडी नेसून सतरंजीवर बसतात. चौरंगावर ग्रंथ, ग्रंथापुढे माईक. आजारी माणूस, बाळंतीण, चालता न येणारी म्हातारी, अशांच्या घरी ग्रंथ मी पोचवायचो. वाचायचा इंद्रभान. जाड भिंगाचा चष्मा, भरलेला आवाज, एक शब्द चुकणार नाही. लोक म्हणायचे, "इंद्रभानचा गळा अन् आपला भोंगा, जोडी आहे बे." एवढी स्तुती माझी नंतर कधी झाली नाही.

हॅलो. आता भांडण सांगतो.

बेबीताई ही इंद्रभानची मोठी भावजय. ती लग्न होऊन आली तेव्हा इंद्रभान आईविना पोर होता. तिनं दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला आणि दिराला शाळेत घातलं. स्वतः मात्र अंगठ्यावरच राहिली. नवरा गेल्यावर, केस पिकल्यावर, ती नातीकडून, समताकडून वाचायला शिकली. आधी एसटीच्या पाट्या, मग बियाण्याच्या पिशव्या, मग ग्रंथ. अक्षराखाली बोट ठेवून, सावकाश.

आमच्याकडे वर्षावासात एकेका घराची पाळी असते. त्या संध्याकाळची खीर त्या घरची. नवऱ्याच्या स्मृतिदिनाची पाळी बेबीताईनं मागून घेतली आणि म्हणाली, "आज मी वाचीन."

ती वाचू लागली. अडखळली. एक ओळ दोनदा वाचली. मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारी बसलेल्या इंद्रभानला राहवेना.

"वहिनी, दे इकडे."

"थांब न. अक्षर लागून राह्यलं मले."

"लोक जांभया देऊन राह्यले. खीर थंडी झाली."

"खीर मीच रांधली. थंडी झाली तं गरम करून देईन."

सगळे हसले. ते हसू इंद्रभानला लागलं.

"हे चूल फुंकनं नाही, वहिनी!"

"चूल फुंकली म्हनून तू शाळेत गेला बे."

"मंग चूलच सांभाळ. ग्रंथाले हात नको लावू."

मला इथे थांबावं लागतं.

पुन्हा सांगतो. या वस्तीतल्या माणसांच्या आजा-पणजांना पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवलं गेलं होतं. हात लावू नका. पोथीला नाही, पाण्याला नाही. ते वाक्य त्यांच्याच विहारात, त्यांच्यातल्याच सगळ्यांत जास्त वाचलेल्या माणसाच्या तोंडून बाहेर पडलं. आणि माईक चालू होता. बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मी ते वाक्य वस्तीवरून, देवळावरून, पार पंजाबराव पाटलाच्या कपाशीपर्यंत नेऊन टाकलं.

बेबीताईनं ग्रंथाला हात जोडले, पदर सावरला आणि उठून गेली. खीर कुणी खाल्ली नाही.

हॅलो.

दुसऱ्या संध्याकाळी सतरंजीवर तिची जागा रिकामी होती. ती ओट्यावर बसली होती, मांडीवर सूप, सुपात तूर. समता रागानं म्हणाली, "आजी, त्या भोंग्याची वायर उपटून येऊ काय?"

"राहू दे. त्यानं काय केलं?"

ग्रंथ क्रमानंच वाचतात. काल जिथे खूण ठेवली तिथून आज पुढे. त्यामुळे त्या दिवशीचा भाग इंद्रभाननं निवडलेला नव्हता. एक माणूस तथागतांना तोंडावर शिव्या देतो, असा तो प्रसंग होता. तथागत त्याला शांतपणे विचारतात, तुझ्या घरी पाहुणा आला, तू ताट वाढलंस आणि त्यानं ते घेतलंच नाही, तर ते ताट कुणाचं? इथे इंद्रभान मध्येच थबकला. खोकला आला असं त्यानं दाखवलं. ओट्यावर सुपातला हात थांबला.

"म्हंजे त्याचं बोलनं त्याच्यापाशीच राह्यलं," बेबीताई म्हणाली.

"मंग तू काल काऊन रडली?"

"ताट घेतलं नाही पोरी. पन दारात आनून ठेवलं तं वास येतेच न."

त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की ती पाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून, ओट्यावर मेणबत्ती लावून बसू लागली, जशी विहारात बसायची तशीच. मैत्रीचं, क्षमेचं, मन सावरण्याचं काही आलं की तिचे ओठ हलायचे. आधी ती ग्रंथ नुसता ऐकायची. आता ती त्याच्या आडोशाला बसायची. लोक येता-जाता काही बोलत, कीव करत, चिडवत. ते तिच्यापर्यंत पोचत नसे.

शेजारची वच्छलाबाई एकदा म्हणालीच, "काहो बेबीताई, ज्यानं पाणउतारा केला त्याचंच ऐकत बसता? राग नाही येत?"

"शब्द त्याचे नाहीत, वच्छलाबाई. आवाज तेवढा त्याचा आहे."

एका दुपारी इंद्रभान ओट्यापुढे येऊन उभा राहिला. चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.

"वहिनी, चुकलो."

"मोठ्यानं बोल."

"चुकलो म्हनलं न."

"तवा तं पंजाबरावच्या वावरात ऐकू गेलं. आता मले बी नीट ऐकू नाही येऊन राह्यलं."

"मंग काय भोंग्यावर बोलू?"

"बोलला भोंग्यावरच होता न बे?"

तो हसला, आणि मग त्याला राग आला. "साऱ्या गावासमोर नाक घासायचं? इतके वर्षं वाचून राह्यलो मी. लोक काय म्हनतीन?"

"मले काय म्हनले असतीन, ते इचारलं का तू?"

तो गेला.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला नीट आठवतात. वाचन संपे. माणसं उठत. इंद्रभान माईक बंद न करता तसाच बसून राही. बोलत काही नसे. नुसता श्वास. तो श्वास मी ओट्यापर्यंत नेत असे.

………

………

खट. बटण बंद.

ओट्यावर बेबीताई ते बटण वाजेपर्यंत उठत नसे. "आज बी नाही," म्हणायची आणि मेणबत्ती विझवायची. तिला भांडण उकरायचं नव्हतं. तिला विहारात परत जायचं होतं. पण मान खाली घालून नव्हे.

हॅलो. हे शेवटचं.

विहाराचं काम पाहणाऱ्या प्रसेनजितनं नवे साउंड बॉक्स आणले. भोंगा खरखरतो, पोरांच्या अभ्यासात अडथळा येतो, आवाज विहारातल्या विहारात राहिला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. "इंद्रभानदादा, तुमाले चालते न?" त्यानं विचारलं. इंद्रभान क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चालते." त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. माझी तार कापली, मला खाली उतरवलं आणि या खोलीत आणून ठेवलं.

आश्विन पौर्णिमा आली. समारोपाचा दिवस. विहार भरलेला. वाचन संपलं आणि या वेळी इंद्रभान गप्प बसला नाही.

"मी माह्या वहिनीले बोललो की ग्रंथाले हात लावू नको. आपल्या बुढ्यांना जे लोक म्हनत होते, तेच मी म्हनलं. जिनं मले शाळेत घातलं तिलेच म्हनलं. माही चूक आहे. साऱ्यांसमोर सांगून राह्यलो."

बाया डोळे पुसू लागल्या. बॉक्स चांगले होते. एकेक शब्द विहारात स्वच्छ ऐकू आला. उंबरठ्याच्या पलीकडे मात्र काही गेलं नाही. मी भिंतीआड पडून सगळं ऐकत होतो. पोचवण्यासारखं एवढं एकच वाक्य माझ्या वाट्याला येणार होतं, ते आलं आणि माझी तार कापलेली होती.

समता धावत ओट्याकडे गेली. "आजी, इंद्रभान आबानं माफी मागतली! साऱ्यांसमोर!"

बेबीताईनं मेणबत्तीची वात सरळ केली. मग म्हणाली, "बरं झालं. मन हलकं झालं असन त्याचं."

"मंग चाल न विहारात."

"मले ऐकू आलं असतं तं उठली असती माय. त्याले माहीत होतं मी कुठं बसते."

ती उठली नाही. इंद्रभान दाराकडे बघत राहिला. त्याला वाटलं, मी बोललो, आता तिनं यावं. आणि ती वाट बघत राहिली. आणि मी...

मित्रांनो, यंदाचा वर्षावास सुरू आहे. इंद्रभान विहारात वाचतो, बॉक्सवर. बेबीताई ओट्यावर वाचते, स्वतःच्या ग्रंथातून, बोट ठेवून. तिच्याकडे चारदोन बाया येऊन बसतात. वच्छलाबाईही येते. खोलीच्या खिडकीतून मला दोन्हीकडचं ऐकू येतं. वाचन लवकर संपलं की इंद्रभान गल्लीच्या कोपऱ्यावर येऊन उभा राहतो. पुढे येत नाही. बेबीताई मान वर करत नाही, पण तो आलेला तिला कळतो. मग ती थोडी मोठ्यानं वाचू लागते, कोपऱ्यापर्यंत पोचेल इतकं.

माझी विनंती माझ्यासाठी नाही. मला पुसा, रंग द्या, पुन्हा छतावर चढवा, असं मी म्हणणार नाही. पण रागाच्या भरात जो शब्द चारचौघांत फेकला, तो चारचौघांतच परत घ्या. आणि ज्याला लागला त्याला ऐकू जाईल अशा ठिकाणी जाऊन घ्या. दुखावलेल्या माणसाला ग्रंथ सावरतो, हे मी पाहिलं आहे. त्यानं बेबीताईला सावरलं. पण ग्रंथानं सावरलं म्हणून दुखावणाऱ्याचं काम संपत नाही.

इंद्रभान आजही कोपऱ्यावर उभा आहे. ओटा तिथून फार लांब नाही.