शिंपडलेलं पाणी

युसूफ वडगावातल्या ख्रिस्ती सभेत महिन्याचा पहिला रविवार प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर मोडून खाण्याचा. साखराबाईंनी सकाळी उठून कणीक मळली, बिनखमिराची पातळ पोळी भाजली आणि स्वच्छ फडक्यात बांधून सुनेच्या हाती दिली. त्यांच्या हातची पोळी सगळ्यांना चालायची. त्यांनी ती खाल्लेली मात्र चालायची नाही.

कारण एवढंच, की साखराबाईंचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला होता, जुन्या चर्चच्या मंडळीत, कपाळावर पाणी शिंपडून. ती मंडळी पांगली. कुणी पुण्याला गेलं, कुणी मातीआड, आणि तिच्या देवळाला कुलूप लागलं. लेक अंगद नव्या सभेत गेला, विहिरीत बुडी घेऊन नव्यानं बाप्तिस्मा करून आला. म्हातारीही त्याच्या मागोमाग सभेच्या पत्र्याच्या शेडात येऊन बसू लागली. पण इथं बुडी घेतल्याशिवाय भाकर नाही. जुन्या मंडळीतल्या सवयीनं साखराबाई "सलाम" म्हणत आत शिरत, तेव्हा बायका "प्रभूची स्तुती" म्हणून सरकून बसत. जागा द्यायला नव्हे, अंतर ठेवायला. भरल्या सभेत माणूस किती एकटं पडतं, ते साखराबाईंना विचारावं.

पास्टर उत्तरेश्वर माणूस वाईट नव्हता. गेल्याच आठवड्यात ओसरीवर येऊन बसला होता.

"आजी, एकदा बुडी घ्या की. लई सोपं हाय. दोघं जण धरत्याल तुमाला."

"बुडायचं भ्या न्हाई मला, बाबा," साखराबाई म्हणाल्या. "पण मंग माझ्या मायबापानं मला येशूच्या पदरात टाकलं, ते खोटं का? सत्तर वर्सं मी हाका मारल्या त्या कुणाला?"

पास्टरनं बायबलातलं वचन काढून दाखवलं. साखराबाईंना वाचता येत नव्हतं.

आज गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि अंगद पोळीच्या तुकड्यांचं ताट घेऊन ओळीनं वाटत निघाला. मायपाशी आल्यावर दर महिन्यासारखी मान खाली घालून तो पुढं सरकला. पोटच्या पोरानं असं ओलांडून जावं, हे साखराबाईंना सगळ्यात जास्त लागायचं.

पुढं त्यांची सून मोहिनी बसली होती. तिनं हात मागं घेतला.

"कावून गं?" अंगद पुटपुटला.

मोहिनी उभी राहिली. "पास्टर, मी धनगराची पोर. या घरात आले तवा मला येशूचं नाव बी ठावं नव्हतं. चुलीपाशी बसवून प्रार्थना शिकवली ती आत्याबाईंनी. माझी बुडी खरी, मंग शिकवणारीचं पाणी खोटं कसं? त्यांना न्हाई, तर मला बी नको."

उत्तरेश्वरनं बायबलची पानं चाळली. "ताई, नेम काय मी केला न्हाई," एवढंच तो म्हणाला.

अंगदनं ताट मेजावर नेऊन ठेवलं. "मंग माझ्याच्यानं बी हे फिरवणं व्हायचं न्हाई."

सगळे साखराबाईंकडे बघू लागले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्या भिंतीला धरून उठल्या.

"लेकरांनो, माझ्यापायी कुणी उपाशी राहू नगा. येशूनं मला कवाच पदरात घेतलंय. तुमी कवा घेता, तेवढं तुमचं तुमी बघा."

चपला पायात सरकवून त्या उन्हात बाहेर पडल्या. मोहिनी त्यांच्यामागं धावली. मेजावरच्या ताटाला हात लावायचं धाडस त्या दिवशी कुणालाच झालं नाही.