दगड कुणाच्या सॅकमध्ये

थेरॉनने आपलं बिडाचं भांडं किपला देऊन टाकलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं.

हँक्सव्हिल गावाच्या पुढे डांबर सोडून आमचा ट्रक लाल धुळीच्या रस्त्याला लागला होता. बोलायला तोंड उघडावं तर जीभ चावली जावी, असा तो रस्ता. किप गाडी चालवत होता, मागे मी आणि मार्वा, आणि पुढच्या सीटवर थेरॉन ते भांडं मांडीवर घेऊन बसलेला. दर जानेवारीत आम्ही चौघं या रस्त्याच्या टोकाच्या खोल घळीत उतरतो, आणि उतरायच्या आधी ट्रकपाशी थेरॉन याच भांड्यात बटाटे आणि बेकन शिजवतो.

"हे आता तुझ्याकडे ठेव, किप," तो म्हणाला. "माझी ही शेवटची खेप."

"आधी मर तरी, मग घेतो," किप म्हणाला. पण घेतलंन मेल्याने!

थेरॉनने जन्मभर शाळेची बस चालवली. पोरांवर ओरडून ओरडून आवाज असा झाला आहे की तो कुजबुजला तरी समोरच्या कड्यावरून परत ऐकू येतं. गेल्या पानगळीत त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंटची जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, खुशाल चाल, ओझंही उचल. पण त्याची मुलगी जनील हिने किपला फोन करून बजावलं होतं, बाबांना जपा. तेव्हापासून किप त्याच्याशी काचेच्या बरणीशी वागावं तसा वागत होता, आणि थेरॉनही दिवसेंदिवस बरणीसारखाच दिसायला लागला होता.

आता आमची एक वाईट खोड सांगते. घळीतून वर चढायच्या दिवशी कुणाच्या तरी सॅकमध्ये गुपचूप दगड घालायचा. तो माणूस धापा टाकत वर येतो, ट्रकपाशी सॅक उघडतो, आणि मग आम्ही पोट धरून हसतो. पण घळीतलं काही बाहेर न्यायचं नाही, असा तिथला कायदा आहे. म्हणून आमचा कायदा असा, की दगड ज्याच्या सॅकमध्ये निघेल त्याने तो वर्षभर सांभाळायचा आणि पुढच्या खेपेला जिथल्या तिथे नेऊन ठेवायचा. जागा ठाऊक असते फक्त घालणाऱ्याला, म्हणजे त्यालाही यावंच लागतं. एका वर्षी मार्वाची लेक बाळंतपणाला टेकली होती, पण मार्वाच्या न्हाणीघरात मी घातलेला दगड होता. मार्वा आली. बाळानेही दम धरला.

त्या दिवशी आम्ही खाली उतरलो, ओढ्याकाठी कॉटनवुडच्या झाडांखाली तंबू ठोकले. ओढा काठाला गोठला होता. थेरॉन पाणी आणायला गेला, तशी किप आणि मार्वाने मला घेरलं.

"उद्या वर चढताना त्याच्या सॅकमधला जड माल आपण वाटून घ्यायचा," किप म्हणाला. "त्याचा तंबू मी घेतो. मार्वा स्टोव्ह घेईल. तू त्याचं खाणं घे."

"आणि या वर्षी दगडबिगड काही नाही हं, नॅडीन," मार्वाने दम भरला. "तुझ्या अंगात फार किडे आहेत."

"त्याला कळेल."

"कळू दे. जनील माझ्या मानगुटीवर बसेल त्याचं काय?" किप म्हणाला.

मला पटलं नव्हतं, पण मी हो म्हणाले. त्या जाळीची भीती मलाही होतीच.

रात्री सगळ्यांनी बूट आपापल्या स्लीपिंग बॅगेत घेतले, नाहीतर सकाळी लाकडाचे होतात. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवल्या, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. थेरॉन एरवी झोपेपर्यंत कुणाची ना कुणाची टर उडवत असतो. त्या दिवशी त्याने नुसतं "झोपा आता" म्हटलं.

सकाळी ऊन कड्यावरून खाली यायला फार वेळ लावत होतं. किप, मार्वा आणि मी ठरल्याप्रमाणे हातचलाखी केली. थेरॉन सॅकपाशी आला, त्याने ती उचलली, आणि ती इतकी सहज वर आली की तो मागे झुकला.

तो खाली बसला, पट्टे सोडले आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. दर वर्षी तो असंच करतो. दगड शोधतो, सापडला की विजयी मुद्रेने ओढ्यात भिरकावतो आणि आम्हाला शिव्या घालतो. मोजे निघाले, टोपी निघाली, औषधांचा डबा निघाला. त्याने सॅक उलटी करून झटकली. थोडी वाळू पडली.

"नाही?" तो म्हणाला.

"काय नाही?" किपने साळसूदपणे विचारलं.

"दगड. आणि माझा तंबूही नाही." त्याने आम्हा तिघांकडे पाहिलं. "म्हणजे मला वगळलंत तर."

"अरे, तसं नाही रे..."

"तसंच आहे. वर्गातल्या आजारी पोराला कुणी टपली मारत नाही, तसं." एवढं बोलून तो ज्युनिपरच्या झुडपाआड निघाला. हातात ती जाड पिशवी होती, कारण या घळीत आपली घाणसुद्धा आपणच वर न्यायची असते. "ही तरी माझी मला नेऊ द्याल ना?" त्याने तिथून ओरडून विचारलं, आणि समोरच्या कड्याने तोच प्रश्न आम्हाला परत विचारला.

मला हसू आलं आणि रडूही आलं. मग मला राग आला, किपचा, मार्वाचा आणि सगळ्यात जास्त माझा. जिवंत माणसाला आम्ही ट्रकमध्ये भांडं घेतलं तेव्हाच स्मशानात पोचवून मोकळे झालो होतो.

"मार्वा, त्याचं सामान भर," मी म्हणाले.

"नॅडीन, नाही हं!"

मी ओढ्याकाठचा एक लाल दगड उचलला. पावाएवढा, चांगला गुळगुळीत. त्याच्या मोज्यांत गुंडाळला आणि सॅकच्या तळाशी सारला. तंबू नव्हता, तेव्हा जागा भरपूर होती. किपने डोक्याला हात लावला.

थेरॉन परत आला. त्याने सॅक खांद्यावर घेतली आणि क्षणभर तसाच उभा राहिला. खांदे एकदा उडवून त्याने वजन नीट बसवलं. सॅक काही उघडली नाही.

"चला की! काय बघताय माझ्या तोंडाकडे?" तो खेकसला.

चढ मरणाचा आहे. थेरॉन दर वळणावर थांबायचा, श्वास घ्यायचा, किपला म्हणायचा, "तू दमलास म्हणून थांबलोय." एकदा किप सॅक घ्यायला पुढे झाला, तेव्हा मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो अजून निळा असेल. अर्ध्या वाटेवरच्या सपाट खडकावर आम्ही जरा टेकलो. "बघ गं, तिथून ट्रक दिसतो का," थेरॉन मला म्हणाला. मी सॅक टाकून कडेला गेले. ट्रक दिसत नव्हता. उरलेला चढ मला फार जड गेला, आणि मी मनाशी म्हटलं, बाई, तुझंही वय झालं.

वर ट्रकपाशी थेरॉनने सॅक उघडली आणि जो आरडाओरडा केला! "कुठल्या गाढवाचं हे काम? आजारी माणसाच्या सॅकमध्ये धोंडा? लाज नाही वाटत?" त्याचा चेहरा त्या खडकासारखा लाल झाला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्ही इतकं हसलो की मार्वाला खाली बसावं लागलं. मग तो दगड त्याने पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला.

घरी येऊन मी माझी सॅक न्हाणीघरात रिकामी केली. तळाशी, माझ्याच टॉवेलात गुंडाळलेला, एक दगड होता. माझ्या दगडाहून मोठा.

मी तडक थेरॉनला फोन लावला. "कुठून उचललास हा?"

"कसला दगड?"

"मी दगड म्हटलंच नाही, लबाडा!"

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"असं तोंडी सांगून नाही कळायचं," तो म्हणाला. "पुढच्या जानेवारीत दाखवतो. आणि हे बघ, किपला सांग, माझं भांडं मुकाट्याने आणून दे."