न खणलेला वाफा

होळी तोंडावर आली होती. नांदूरघाटजवळच्या त्या गावात बचत गटाच्या बायकांनी ओढ्याकाठची पडीक जागा मिळवली होती आणि सगळ्या मिळून भाजीपाल्याची बाग करायला उतरल्या होत्या. चुन्याच्या फक्कीने वाफे आखले तेव्हा लिंबाखालचा वाफा उमाबाईने हट्टाने मागून घेतला. घेतला तो घेतला, पण त्याला कुदळ काही लावेना.

"कावून गं, जमिनीची पूजा करायलीस का?" शेजारच्या वाफ्यातून छबुबाईने टोमणा मारला.

उमाबाई नुसती हसली. सांगणार तरी काय? तिची पहिली पोर गळ्यात लिंग बांधायच्या आधीच गेली होती. त्यांच्या लिंगायतांत पुरतात. सासऱ्याने तिला इथेच, लिंबाखाली पुरल्याचं सांगितलं होतं. बाळंतिणीला कोण नेतंय तिकडे! ना दगड, ना खूण. आता निदान कुदळीचा घाव तरी लेकराला लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

छबुबाईने मात्र आपला वाफा खणून, शेणखत घालून लोण्यासारखा मऊ केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माती विसकटलेली. मांजराला शिव्या घालून तिने ती सारखी केली. पण रोज तेच. इवल्या मुठीने माती मागे सारावी तसे खळगे, आणि रोज बांधाच्या थोडे जवळ.

"बघ बाई, तुझ्याकडंच सरकायलंय हे," एका सकाळी छबुबाई घाबरून म्हणाली. "अन् तुझ्या वाफ्यापाशी आलं की थांबतंय. टणक हाय ना तुझी माती."

उमाबाईने वाकून पाहिलं. तिच्या कडेच्या कोरड्या ढेकळांवर बारीक ओरखडे होते. इतके दिवस ती भलतीच जागा राखत बसली होती. घाव घालायचा तो पलीकडे छबुबाईच्या कुदळीने घालून झाला होता. तरी पोर रुसली नव्हती, आईकडे यायला निघाली होती, आणि आईनेच वाट अडवून धरली होती.

ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी आपला वाफा उकरू लागली. "आले गं माय, आले." नखं तुटली, बोटं रक्ताळली. बाकीच्या बायका कामं टाकून बघत राहिल्या. छबुबाईने घागर आणून पाणी ओतलं.

ओली माती पलीकडून खचली, आणि उमाबाईच्या बोटाला काहीतरी गार बिलगलं. तान्हं बाळ धरतं तसं, घट्ट.