गाडीवरचं सारवण

"दार उघडं टाकून जायला ही काय तुझ्या बापाची बैलगाडी आहे?" ठेकेदार माझ्यावर खेकसला आणि त्यानं बाहेरून कडी घातली.

आत आम्ही अठरा बायका आणि माझी सात महिन्यांची लेक. गाडी कसली, पत्र्याची पेटीच. आधी तिच्यातून कोंबड्या जायच्या. कोंबड्यांना चारी बाजूंनी जाळी होती. माणसं न्यायची म्हणून ठेकेदारानं जाळीवर पत्रा ठोकला, वर दोन झरोके तेवढे ठेवले. कोंबड्या गेल्या, वास राहिला. झरोक्यांत अजून पिसं अडकलेली. दुपारी पत्रा तापला की तो जुना वास असा उठायचा की सकाळचा चहा घशाशी यायचा.

पहाटे काकडीच्या मळ्यावर जायचं आणि दुपारी दीडला परत. जाताना बरं असायचं. येताना सव्वा तास आम्ही त्या पेटीत शिजायचो.

पुढं ठेकेदाराचा थाट निराळा. त्यानं थर्माकोलच्या खोक्याला दोन भोकं पाडली होती. आत बर्फाच्या बाटल्या आणि बॅटरीवरचा छोटा पंखा. हवा ओढायला एक पाइप खिडकीबाहेर, दुसऱ्याचं तोंड थेट त्याच्या हनुवटीखाली. "एसी गाडीला लाख मोजा, माझा एसी खोक्यात," असं मळ्यावर सगळ्यांना सांगायचा. आम्ही पाठीमागं त्याला गारोबा म्हणायचो.

त्या दिवशी अर्ध्या वाटेवर लेक रडायची थांबली. रडणारं पोर बरं, गप्प झालेलं वाईट. मान खांद्यावर टाकलेली, मानेच्या वळीत घामोळ्यांचा लाल पट्टा, ओठ कोरडे. मी केबिनच्या पत्र्यावर दणादण मुठी मारल्या. गाडी थांबली. ड्रायव्हरनं कडी काढली तशी मी लेकीला घेऊन केबिनच्या खिडकीशी धावले.

"पोरीकडं बघा हो, मान टाकलीय तिनं. बर्फाची एक बाटली द्या."

ठेकेदार खिडकीतून वळलासुद्धा नाही. तोंडात बर्फाचा खडा चघळत होता. "बाटली दिली तर मी काय करू? सोसत नसेल तर पोर घेऊन घरी बसावं. तुझ्या जागेवर यायला दहा जणी टपल्यात." एवढं बोलून त्यानं लांबलचक ढेकर दिला.

ताटात पाल पडावी तशी मला त्या माणसाची शिसारी आली. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, डोक्याचं फडकं पिण्याच्या पाण्यात बुडवून लेकीच्या टाळूवर धरलं. पाणी तरी कुठं गार होतं! गाव येईपर्यंत अठराही जणी आपापल्या फडक्यांनी तिला वारा घालत होत्या. अंगणात सावलीला आणल्यावर ती क्षीण रडली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

"मी उद्यापासून येत नाही," मी म्हणाले.

"मग वर्षभर येऊ नकोस," आत्या म्हणाल्या. "एकदा जागा गेली की गेली. आणि खायचं काय, वारा?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. घरात कमावत्या आम्ही दोघीच. लेक दुधाच्या बाटलीला तोंड लावत नव्हती, म्हणून तिला मागं ठेवायची सोय नव्हती.

आत्या म्हशीच्या गोठ्याकडं बघत बसल्या होत्या. "गोठ्याचं छप्पर पत्र्याचंच ना गं? मग म्हैस का भाजत नाही?"

"तुम्ही वर शेणमाती थापता म्हणून."

"मग म्हशीएवढी तरी आपली किंमत करू या की."

गाडी रात्री ड्रायव्हरच्या दाराशी उभी असायची. त्याला सगळे ब्रेक म्हणत, कारण गाडीचं तेवढंच त्याला कधी वेळेवर सापडत नसे. आम्ही दिवस मावळताना घमेली घेऊन गेलो तेव्हा तो घाबरला. "मावशी, मालक मला सोलून काढतील."

"त्याची मान टपाच्या वर जाते का कधी? त्याला कशाला दिसतंय?"

ब्रेकनं डोकं खाजवलं. "मग पुढं केबिनवर पण थापा. मलाही डोकं आहे."

"असं? बरं झालं सांगितलंस."

शेण, माती, भुसा मी तुडवला, आत्यांनी थापला. शेणाची मला किळस नाही. शेण शेणासारखंच वागतं. पण आत्यांचा हात सैल सुटला. मी म्हणाले, "एवढं जाड नको, सुकायचं नाही." तर म्हणाल्या, "गोठा एका जागी उभा असतो, त्याला दोन बोटं. ही दिवसभर उन्हात पळणार, हिला चार बोटं." सासूपुढं मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी मळ्यावरून निघताना आत्यांच्या सांगण्यावरून ब्रेकनं टपावर चार बादल्या पाणी ओतलं. गोठ्याला त्या तसंच करायच्या. गाडी निघाली आणि काय सांगू, पत्र्याला हात लावला तर नुसता कोमट! लेक मांडीवर बसून माझं नाक ओढत होती. "राणी सरकार खूश," कुणीतरी म्हणालं.

कालव्याच्या वळणावर शेळ्या आडव्या आल्या. आणि नेमका त्या दिवशी ब्रेकला ब्रेक सापडला.

टपावर काहीतरी सरकल्याचा मोठा आवाज झाला. मग फद्दकन. मग पुढून ठेकेदाराची किंकाळी.

ब्रेकनं कडी काढली तशा आम्ही उतरून बघितलं. केबिनवरचा सगळा थर काचेवर घसरला होता. ओला गारा खिडकीबाहेरच्या पाइपात शिरला होता आणि पंख्यानं आपलं काम चोख केलं होतं. ठेकेदाराच्या मिशीत, नाकपुड्यांत, उघड्या तोंडात शेण. तो कालव्याच्या काठावर वाकून आतडी बाहेर काढत होता. ब्रेक चाकामागं लपून हसत होता.

"कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले. लेकीला छातीशी घट्ट धरलं होतं.

"ही आणि हिचं पोर उद्यापासून गाडीत नको!"

"बरं," आत्या म्हणाल्या. "मग मीही नको."

आमच्यातली एक जण मोठ्या आवाजाची, तिला तोफ म्हणतात. ती पुढं आली. "मीही नको. उद्या एक तोडणी चुकू दे. परवा काकडीचे भोपळे होतात. व्यापारी ते तुझ्या डोक्यावर फोडेल."

एकेक करत सगळ्या रस्त्याच्या कडेला बसल्या. ठेकेदारानं मळ्याच्या दिशेला बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि थुंकला. त्यालाही ठाऊक होतं, वाढत्या काकडीपुढं कुणाचा रुबाब चालत नाही.

"काय पाहिजे?"

"छप्पर पुन्हा सारवणार. पातळ," मी म्हणाले. "आणि दाराची कडी आतून."

"करा काय करायचं ते!"

कालव्यात तोंड धुतलं, पण केबिनमध्ये बसवेना, म्हणून तो मागं आमच्यात शिरला. मागचा थर जागेवरच होता. झरोक्यापाशी बसलेल्या म्हातारीला कोपरानं सारून त्यानं तिची जागा घेतली. सगळ्यांनी नाकाला फडकी लावली. घटकाभरानं म्हणतो कसा, "इथं तर गार आहे की!" आणि पाय पसरून घोरायला लागला. शेण धुतलं गेलं तरी माणूस तोच.

पुढच्या आठवड्यात आम्ही पातळ पातळ तीन हात दिले, प्रत्येक हात सुकवून. आता थर हलत नाही. झरोक्यांना ओली पोती बांधली, दार आम्ही फटभर उघडं ठेवतो. लेकीची घामोळी सुकली. परतीच्या वाटेवर ती तोंड उघडं टाकून झोपते, लाळेनं माझा दंड भिजवते. त्या ओल्या डागाइतकं गार मला दुसरं काही लागत नाही.

ठेकेदारानं दुसऱ्या मळ्यांवर जाणाऱ्या आपल्या दोन गाड्याही सारवून घेतल्या, तिथल्या बायकांकडून, काम सुटल्यावर फुकटात. काल लेक अशीच झोपली होती आणि तो पुढं फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अहो, डोकं लागतं. बायकांचे हाल बघवेनात, म्हणून मीच ही युक्ती काढली."

आत्या हळूच म्हणाल्या, "लाज कोळून प्यायलाय मेला."

मी लेकीच्या कानावर हात ठेवला. असलं खोटं चावून गिळायला तिला अजून दातही आले नाहीत.