शनिवारचं तेल

"अरे, एक किलोमीटरसुद्धा चालले नाहीत हे टायर! काहून खराब होतील?" श्यामसुंदर कडाडले, तेव्हा पुंडलिक ट्रेलरशेजारी गुडघे टेकून टायरावरून अंगठा फिरवत होता.

राइट टाउन वस्तीतल्या श्यामसुंदरांच्या अंगणात ट्रेलर नऊ वर्षं उभा होता. आत झोपायला दोन बाकं, छोटा ओटा, फुलाफुलांचे पडदे. गाडीच्या मागे जोडलं की घरच निघालं प्रवासाला. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतः वेल्डिंग करून तो बनवला होता, बायकोला अमरकंटकला न्यायला. पण आधी आईचं आजारपण, मग लेकीचं बाळंतपण, मग त्यांचाच मणका. जाणं राहतच गेलं. आता परवा निघायचं ठरलं होतं आणि पुंडलिकला फक्त हवा भरायला बोलावलं होतं.

"इथं पाहा, साहेब. बत्तीस-सोळा. म्हणजे दोन हजार सोळाचा बत्तिसावा आठवडा. उभ्या उभ्या म्हातारे झाले ना! ह्या भेगा पाहा. घाटात फुटला तर ट्रेलर गाडीलेबी घेऊन जाईल."

"अच्छा! म्हणजे नवे तूच विकशील."

चाळीस वर्षं पंक्चर काढून पुंडलिकची पाठ वाकली होती, मान नव्हती. "माझ्याकडून नका घेऊ जी. कुठूनबी घ्या. पण ह्याच्यात मी हवा नाही भरत."

तेवढ्यात शरयूताई बाहेर आल्या. निवृत्त शिक्षिका. पुंडलिकच्या मुलीला, गीतांजलीला, त्यांनी दोन वर्षं घरी बसवून गणित शिकवलं होतं, आणि फीचा विषयसुद्धा काढू दिला नव्हता.

"असं कसं, पुंडलिकभाऊ? दर शनिवारी मी मारुतीला तेल वाहते आणि वाटीत उरलेलं ह्या टायरांना चोळते. नऊ वर्षांत एक शनिवार चुकला नाही. बघा ना, कसे चमकून राहिले!"

पुंडलिकने अंगठा नाकाशी नेऊन हुंगला. तेल म्हणजे रबराचा वैरी. भेगा इतक्या खोल का, ते त्याला आत्ता कळलं. सगळं वयावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण मग नव्या टायरांचाही शनिवार उजाडणारच होता, आणि त्या टायरांच्या भरवशावर ही दोघं जाणार होती.

"ताई, रबराले तेल नाही सोसत," तो खाली बघतच म्हणाला. "नव्यांना लावू नका. त्याच्याहून मोठं काम देतो."

खिशातला हवा मोजायचा जुना गेज काढून त्याने त्यांच्या हातात ठेवला. "रोज सकाळी, टायर थंड असताना मोजायचं. काटा पन्नासवर पाहिजे. वाटेत थांबले की हात लावून पाहायचा. एखादा जास्त तापला तर पुढं जायचं नाही. गाडी साहेब चालवतील, पण निघायचं का नाही ते तुम्ही सांगायचं."

"म्हणजे मीच..." शरयूताई म्हणाल्या, आणि तेवढंच म्हणून आत गेल्या.

श्यामसुंदरांनी हट्टाने टायर दुसऱ्या दुकानातून आणले. बसवायला मात्र ते पुंडलिककडेच आले. त्याने आधी तारीख वाचली, मग पाना उचलला.

शनिवारी सकाळी फोन आला.

"अमरकंटकहून बोलते. दोन्ही पन्नास. हातालाही थंड आहेत. आणि आज सगळं तेल मारुतीलाच वाहिलं." मग हळू आवाजात, "पुंडलिकभाऊ, खरं सांगा. नऊ वर्षं मीच त्यांना खराब करत होते ना?"

जुने दोन्ही टायर दुकानाच्या कोपऱ्यात होते. कुणी उचलून हातगाडीला लावू नयेत म्हणून आज ते चिरून टाकायचे होते. पुंडलिकला खोटं बोलवेना.

"हो, ताई. पण टायराले इतका जीव लावणारं माणूस मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही."

पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसण्याचा.

फोन ठेवून त्याने सुरी घेतली. तेलाने टायर हातातून निसटत होता. त्याने तो मांडीवर घेतला, फडक्याने सगळीकडून नीट पुसला, आणि मग चिरायला लागला.