दोन डाव्या बाह्या

बाबांचा अंगठा कॉलरपाशी असायचा आणि पुढच्याच क्षणी गुडघ्यावर. मधला प्रवास जुन्या टॅबलेटवर दिसतच नसे. चित्र थबके, उडी मारी आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागे. दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओत हे खपून गेलं असतं. पण बाबा हातांनी बोलत. आई आणि बाबा, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. चित्र अडकलं की शब्दच गिळला जाई.

म्हणून लेक रजा टाकून आली होती आणि आईला घेऊन दुकानात उभी होती.

"ताई, हा बघा. आवाज असा की भिंती हादरतील," दुकानदार म्हणाला.

"आवाजाचं राहू द्या. एचडी व्हिडिओ आहे, फाइल जड आहे. अडकायला नको, एवढंच."

आईने कोपराने ढोसलं. काय म्हणतो? लेकीने हातांनी सांगितलं. आईचे हात लगेच चालू झाले, "मग म्हणावं, आवाज काढून घे आणि किंमत उतरव."

लेकीने ते जसंच्या तसं पोचवलं. दुकानदार खो खो हसला. "काकूंपुढे आपलं काही चालायचं नाही!"

पहिल्या टॅबलेटवर बाबा अडखळले. दुसऱ्यावर बरे चालले, पण हात जोरात फिरला की बोटांचा नुसता लगदा होई. "ह्याची रॅम कमी पडते," म्हणत दुकानदार तिसरा आणायला आत गेला.

बाबा शिंपी होते. बोलायचं तर कात्री खाली ठेवावी लागे, त्यामुळे कात्री टेबलावर टेकली की घर सावरून बसे. आता रागावणार, नाहीतर गोष्ट सांगणार. लेक नोकरीसाठी निघाली, तेव्हा बसच्या बंद काचांपलीकडून बाकीचे लोक घसा फोडून ओरडत होते आणि हे तिघं निवांत गप्पा मारत होते. बस वळेपर्यंत बाबांचे हात वर होते. तेव्हा तिचेही हात कसे पाण्यासारखे वाहायचे!

बाबा गेले आणि त्या घरात आईशी बोलणारे हात उरले नाहीत. लेकीच्याच खात्याच्या इथल्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत जागा रिकामी होती. "बदली घेऊन येतेस का?" असं तिथले साहेब कधीपासून विचारत होते. लेक दर वेळी "बघते" म्हणे. आईने कधी विषय काढला नव्हता.

तिसरा टॅबलेट सुरू झाला. बाबा पडद्यावर आले, कात्री बाजूला ठेवली आणि बोलू लागले. कुठे धक्का नाही, उडी नाही. नखावरचा खडूसुद्धा दिसत होता. गोष्ट नवरदेवाच्या कोटाची होती, दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या गेल्या त्याची. अंगठा कॉलरपाशी आला, खांद्यावरून घसरला, मनगटाशी गिरकी घेऊन गुडघ्यावर आपटला. आई पोट धरून हसली.

लेक हसली नाही. मनगटाशी काय झालं ते तिला कळलंच नव्हतं.

तिने पुन्हा लावलं. हात लख्ख दिसले, तरी कळलं नाही.

"अजून अडकतंय का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "व्हिडिओ ठीक आहे."

आई तिच्याकडे बघत होती. मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तशा खुणा करत तिने सांगितलं, "नवरदेवाने हार घालायला हात उचलला आणि कोटाने त्यालाच मागे ओढलं. मला जुन्यावरही कळत होतं गं. त्यांच्या तोंडावरून कळतं."

"मग नवा हवा, असं का म्हणालीस?"

"तू म्हणालीस. मला वाटलं, त्या निमित्ताने येशील."

लेकीने उत्तरासाठी हात उचलले आणि ते हवेतच राहिले. 'बदली'ची खूण आठवेना. घरातली, बाबांनीच ठरवलेली खूण होती ती. तिच्या ओठांवर तो शब्द पाहून आईने तिची बोटं धरून वळवून दिली, एकदा सुई ओवायला शिकवलं होतं तशी.

"मी इथे बदली घेते," लेक हातांनी म्हणाली, आणि नकळत मोठ्यानेही.