कोटात फुगलेलं पीठ

१९५८ सालचा ऑगस्ट संपत आला होता. कारा समुद्रातल्या त्या उघड्याबोडक्या बेटाला वर्षातून एकदा येणारी बोट लागली आणि कोळसा, पिठाची पोती, टपाल यांच्याबरोबर तेवीस वर्षांची रिम्मा उतरली. हवामानाच्या नोंदी करायला. या बेटासाठी तिने तीन वर्षं अर्ज केले होते.

हवामान ठाण्याचे प्रमुख निकोदिम साव्विच यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. हिवाळाभर इथे चारच माणसं. एकाच टेबलाशी बसायची, स्वयंपाक पाळीपाळीने करायची. त्यातून प्रमुखांचीही सुटका नव्हती.

"मी माणूस मागितला होता," ते म्हणाले.

"मग मी कोण आहे?"

बिनतारीवाला ग्लेब खो खो हसला. साव्विच हसले नाहीत. "उद्या पाळी तुझी. खलाशी धरून बारा ताटं. शिवाय बाराच्या ठोक्याला नोंद. दोन्ही जमलं तर राहा. नाहीतर पाचला बोट सुटते, तिच्यात बस."

सकाळी पाहते तर चूल थंडगार! मिस्त्री तीखोन काका छपरावर धुराड्याशी झटत होते.

"काका, कधी पेटणार हो?"

"धुराड्यालाच विचार, पोरी! बारा तरी वाजतील."

स्टोव्हवर कोबीचं सूप होईल, पण पावाचं काय? पाव नसला तर इथे कुणी जेवलो असं म्हणत नाही. आणि भिजवलेलं पीठ गारठून दगडासारखं बसलेलं. त्या घरात ऊबदार अशी एकच वस्तू उरली होती, ती स्वतः! रिम्माने पिठाच्या पातेल्यावर फडकं टाकलं, पातेलं शालीने पोटाशी बांधलं, वरून जाड कोट चढवला आणि तशीच कोबी चिरायला बसली.

कोळसा वाहणाऱ्या खलाशांना खिडकीतून ते दिसलंच. "अगं, कालच तर उतरलीस! एवढ्यात दिवस गेले?"

"जुळं आहे!" ती ओरडली. "दीड वाजता तोंड पाहायला या!"

बाराला पाच कमी असताना ती तापमापकांच्या पेटीकडे निघाली. आंबलेल्या पिठाचा वास ठाण्याच्या सहाही कुत्र्यांना एकदमच आला. पहिल्याने छातीवर झेप घेतली, दुसऱ्याने बाही धरली, आणि रिम्मा पाठीवर आडवी! पण पातेलं तिने दोन्ही हातांनी कवटाळलेलं. "हाड! हाड मेल्यांनो!" लाथा झाडत ती उठली, बर्फ न झटकताच धावली आणि बाराच्या ठोक्याला पेटी उघडली. उणे दोन पूर्णांक चार. वारा वायव्येचा. अक्षर वेडंवाकडं, पण आकडा बिनचूक.

तेवढ्यात गळ्याशी काहीतरी ऊबदार, मऊ लागलं. पीठ फुगून कॉलरपर्यंत आलं होतं! हनुवटीने ते आत ढकलत ती एकटीच खिदळत सुटली.

"पेटली गं चूल!" छपरावरून काकांची आरोळी आली. "पळ!"

दीडला बाराजण दाटीवाटीने बसले. पाव वाकडेतिकडे झाले होते, पण वाफ येत होती. बराच वेळ नुसते चमच्यांचे आवाज. मग साव्विच चावता चावता थांबले. दोन बोटांनी त्यांनी तोंडातून काहीतरी काढलं. काळं बटण.

सगळ्यांच्या नजरा रिम्माच्या कोटाकडे. तिचीही. वरून दुसरं बटण नव्हतं.

"नशीब एकेकाचं," ग्लेब म्हणाला. "आम्हाला नुसताच पाव."

साव्विचनी बटण पुसून तिच्यासमोर ठेवलं. संपलं, रिम्माला वाटलं. ट्रंक तर अजून उघडलीही नव्हती.

"जाड दोऱ्याने शिव," ते म्हणाले. "जानेवारीत इथला वारा एवढ्याशा फटीतून आत शिरतो."

जानेवारीत! क्षणभर तिला कळेचना. मग तीखोन काकांनी टेबलावर असा गुद्दा हाणला की सूप उडालं, आणि खलाशी आणखी पावासाठी एकच गलका करू लागले. पाचला बोटीने भोंगा दिला तेव्हा रिम्मा किनाऱ्यावर उड्या मारत रुमाल हलवत होती.

ग्लेब दोन हिवाळे काढून ओडेसाला परतला, ट्राम चालवू लागला. तीखोन काका सहासष्ट साली बेटावरच गेले. तिथल्या टेकडीवरच त्यांना पुरलं. साव्विच पेन्शन घेऊन अर्खांगेल्स्कला राहिले आणि नव्वदी गाठून गेले. रिम्माने त्या बेटावर अकरा हिवाळे काढले, मग लेनिनग्राडला पोरांना हवामानशास्त्र शिकवलं. एकटीने जेवायला मात्र ती कधी शिकलीच नाही. म्हातारपणीही रविवारी शेजारची दोन्ही बिऱ्हाडं तिच्याच टेबलाशी असत.